निद्रातंत्रज्ञान शिक्षण (अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजे)

झोपलेल्या रुग्णाचा मेंदू, डोळे, श्वास, हृदय आणि पायांचे स्नायू यांचे एकाच वेळी आलेख घेणे, ते वाचणे व रात्रभर रुग्णाकडे लक्ष ठेवणे, या कामाचे शिक्षण. आरंभी ते रुग्णालयात हाताखाली काम करूनच मिळे. पुढे कम्युनिटी कॉलेजांनी (स्थानिक लोकांसाठीची दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये) प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांच्या असोसिएट पदवीच्या रूपाने ते स्वीकारले. टेक्ससमधील ॲल्विन व नॉर्थ कॅरोलायनातील कटॉबा व्हॅली ही त्यांपैकी दोन.

या व्यवसायाचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. काहीजण १९३७ पर्यंत मागे जातात. त्या वर्षी आल्फ्रेड लूमिस व सहकाऱ्यांनी मस्तिष्कालेखावरून (मेंदूच्या विद्युत्-क्रियेचा आलेख) झोपेच्या पाच अवस्था पाडल्या. शिकागो विद्यापीठात यूजीन ॲसेरिन्स्की व नाथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये डोळ्यांच्या जलद हालचालींची झोप नोंदवली, तो टप्पा अधिक प्रचलित आहे. मात्र ही दोन्ही कामे शरीरक्रियाविज्ञानाची; त्यांत रुग्ण नाही. अशा एकत्रित निद्रालेखनासाठीचा ‘पॉलिसोम्नोग्राफी’ हा ग्रीक-लॅटिन संकर असलेला शब्द १९७४ च्या सुमारास स्टॅनफर्ड येथे रूढ झाला व तो जेरोम हॉलंड यांनी सुचवला, असे सामान्यतः मानतात. तथापि शब्दाच्या वयावरून व्यवसायाचे वय ठरवणे योग्य वाटत नाही. तंत्रज्ञांची स्वतंत्र संघटना (१९७८) आणि त्यानंतर लगेच सुरू झालेली नोंदणी परीक्षा हाच आरंभ अधिक ग्राह्य ठरतो. रात्री जागणाऱ्या माणसाच्या कौशल्याची दखल तेव्हा प्रथम घेतली गेली.

आलेख आजही ३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतात. याचे मूळ कागदात आहे. सेकंदाला १० मिमी वेगाने सरकणाऱ्या कागदाचे ३० सेंमी रुंदीचे एक पान अर्ध्या मिनिटात भरे. झोपेच्या अवस्था ठरवण्याच्या रेक्टशाफेन व केल्स यांच्या १९६८ च्या नियमावलीने हे माप पक्के केले. २००७ च्या नव्या नियमावलीत तिसरी व चौथी अवस्था एक झाली, पण ३० सेकंद तसेच राहिले.

पहिल्या सत्रातील बराच वेळ डोके मोजण्यात जातो, आणि तो वाया जात नाही. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत फीत धरून १० व २० टक्क्यांवर खुणा करतात. अंतर ३६ सेंमी असेल, तर पहिली खूण ३.६ सेंमीवर. मग केस बाजूला सारून त्वचा हलकेच घासायची, पेस्ट भरलेला इलेक्ट्रोड बसवायचा व त्वचेशी त्याचा विद्युत्-रोध ५ किलोओहमच्या आत आणायचा. दिवे मालवण्यापूर्वी रुग्णाला सूचना देतात : डोळे मिटा, वर पाहा, खाली पाहा, दात आवळा, पाऊल हलवा. प्रत्येक सूचनेला योग्य ती रेषा हलली, तरच पुढची रात्र विश्वासार्ह. श्वसनरोध ओळखणेही येथेच शिकवतात. प्रौढांत किमान १० सेकंद श्वासप्रवाह जवळजवळ थांबलेला असावा लागतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सीपॅप उपचारात (मुखवट्यातून हवेचा सतत दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणे) दाब रात्रीच टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो, म्हणून निजलेल्या रुग्णाला न उठवता मुखवटा सारखा करण्याचा सराव आवश्यक ठरतो.

२००८ मध्ये मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीची अमेरिकी सरकारची आरोग्यविमा योजना) घरगुती तपासणीच्या आधारे सीपॅपचा खर्च मान्य केला. या तपासणीत सहसा मस्तिष्कालेख नसतो. त्यामुळे श्वसनरोधांच्या संख्येला प्रत्यक्ष झोपेच्या तासांऐवजी नोंदीच्या तासांनी भागावे लागते, आणि रुग्ण बराच वेळ जागा राहिल्यास विकाराची तीव्रता खरी असते त्याहून कमी दिसते.