नातीच्या मापाची रायफल

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि तेव्हापासून गोव्यातल्या आमच्या फोंड्यातही मुलांना नेमबाजी कुठे शिकवतात, याची चौकशी होऊ लागली. त्याच्या आदल्या वर्षी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या होत्या, त्यामुळे या खेळाचे नाव लोकांच्या कानावर आधीपासून होतेच. चौकशी करणाऱ्या पालकांना एक सल्ला हमखास मिळतो : ‘मूल लहान आहे, त्याला मिळेल तेवढी हलकी रायफल द्या.’ हा सल्ला मायेपोटी दिला जात असला तरी तो अर्धाच खरा आहे, आणि ज्याने उभे आयुष्य भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवले, त्याला अर्धे खरे विधान पुरत्या खोट्यापेक्षा अधिक टोचते.

प्रथम थोडी ओळख. कॅलिबर म्हणजे नळीचा आतील व्यास. कुसाळे याने वापरली ती पॉइंट टू-टू, म्हणजे 0.22 इंच किंवा 5.6 मिलिमीटर व्यासाची रायफल होय. तिला दारूचे काडतूस लागते आणि आपल्याकडे ती बाळगायला परवाना लागतो. त्यामुळे नवशिक्या मुलांची सुरुवात रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, 4.5 मिलिमीटरच्या एअर रायफलने होते. तिच्यातून सुटणारा शिशाचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगाने जातो. दहा मीटरवरच्या लक्ष्यपत्रावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे या ओळीच्या शेवटी छापलेल्या पूर्णविरामाएवढा असतो, आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटर बाहेर सरकलेले असते.

माझी नात अकरा वर्षांची आहे. पहिल्या दिवशी रेंजवर तिच्या हाती मोठ्यांसाठी जुळवलेली रायफल आली, तेव्हा तिचे उभे राहणे पाहण्यासारखे होते. दस्ता खांद्याला लावल्यावर चापापर्यंत बोट पोहोचावे म्हणून तिने उजवा खांदा मागे ओढला होता, डोळा साइटपाशी, म्हणजे नेम धरण्याच्या छिद्रापाशी, न्यावा म्हणून मान बगळ्यासारखी पुढे काढली होती, आणि डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडाला न टेकता हवेत लोंबत होते. दोन मिनिटांत नळीचे टोक थरथरू लागले. ‘आजोबा, ही जड आहे’, असे ती म्हणाली, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी लगेच हलक्या रायफलीचा सल्ला दिला.

तिच्या प्रशिक्षक सरांनी मात्र शिंप्याची फीत मागवली. रायफल रिकामी असल्याची त्यांनी स्वतः उघडून खात्री केली, नळी लक्ष्याच्या दिशेला ठेवली आणि नातीला कोपर काटकोनात दुमडायला सांगून दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या खळगीत टेकवले. अशा वेळी तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज यावे, ही जुनी आणि पुरेशी कसोटी आहे. तिचे बोट चार सेंटिमीटर मागे राहत होते. चापापासून बट प्लेटपर्यंतचे, म्हणजे दस्त्याच्या टोकाला खांद्याशी टेकणाऱ्या पट्टीपर्यंतचे अंतर 33 सेंटिमीटर होते, आणि तिला 29 हवे होते. दस्ता आणि बट प्लेट यांच्यामध्ये बसवलेल्या चकत्या काढून, उरलेला फरक बट प्लेटच्या दांड्यावर भरून काढून त्यांनी ते अंतर जुळवले. रायफलीचे वजन जवळजवळ तेवढेच राहिले. नातीने ती पुन्हा उचलली आणि या वेळी ‘जड’ हा शब्द तिच्या तोंडून आला नाही.

असे का झाले, हे तरफेच्या हिशेबाने पाहू. रायफल 4 किलोची आहे आणि तिचा गुरुत्वमध्य पाठकण्यापासून 29 सेंटिमीटरवर आहे, असे धरू. त्या वजनामुळे धड त्या बाजूला कलू पाहते, आणि त्याला आवरण्याचे काम पाठकण्यालगतच्या स्नायूंना करावे लागते. हे स्नायू कण्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटर अंतरावर ओढ घेतात, त्यामुळे तरफेचा हा सौदा त्यांना फार महाग पडतो. 4 किलोचे वजन म्हणजे साधारण 39 न्यूटन बल, त्याला 0.29 मीटरने गुणले आणि 0.05 मीटरने भागले, की स्नायूंवरचा ताण सुमारे 227 न्यूटन येतो, म्हणजे त्यांना 23 किलो वजन पेलल्यासारखे कष्ट पडतात. आता दस्ता चार सेंटिमीटरने आखूड केला, की सबंध रायफल तेवढीच शरीराजवळ येते आणि ताण सुमारे 31 न्यूटनांनी उतरतो. याउलट अंतर तसेच ठेवून रायफलीचे वजन अर्ध्या किलोने कमी केले, तर ताण सुमारे 28 न्यूटनांनीच उतरतो. प्रत्यक्षात नेमबाज किंचित मागे झुकून उभा राहतो, म्हणून हे आकडे ढोबळ आहेत. पण चार सेंटिमीटरची काटछाट अर्ध्या किलोच्या तोडीस तोड ठरते, हे गुणोत्तर त्यातून स्पष्ट दिसते.

अंतर कमी झाल्याचा दुसरा लाभ असा, की डावे कोपर आपोआप कमरेच्या हाडावर येऊन टेकते. डोक्यावर पाटी घेऊन मासळीबाजाराकडे निघालेली बाई आपण रोज पाहतो. तिची मान ताठ असते, कारण पाटीचे वजन कवटी, कणा आणि पाय या हाडांच्या खांबातून थेट जमिनीत उतरते. रायफलीच्या बाबतीत तळहात, मनगट, उभा हात, कमरेचे हाड आणि पाय असा खांब उभा राहायला हवा. हाड थकत नाही आणि थरथरत नाही. स्नायू मात्र दोन्ही करतो, कारण तो एकसंध दोरासारखा ताणून राहत नसून त्याच्यातील तंतूंचे गट आळीपाळीने आखडत असतात, आणि त्यामुळे निरोगी माणसाच्या हातालाही सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा सूक्ष्म कंप असतो.

आता हलक्या रायफलीचा खरा दोष. या कंपाने नळी गरकन वळावी की जागीच राहावी, हे तिच्या जडत्व आघूर्णावर, म्हणजे वळण्याला ती करत असलेल्या विरोधावर, अवलंबून असते. वजनाचा भार अंतराच्या पहिल्या घातानुसार वाढतो, तर जडत्व आघूर्ण अंतराच्या वर्गानुसार वाढते, आणि सगळी मौज या वर्गात आहे. रायफलीला आपण एकसारख्या जाडीचा दांडा मानू. मग वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले बारा हे सूत्र लागते. 4 किलोच्या, एक मीटर लांब दांड्यासाठी उत्तर 0.33 येते, आणि अडीच किलोच्या, 80 सेंटिमीटर दांड्यासाठी 0.13. वजन चार दशांशाहून कमीच घटले, पण वळण्याला होणारा विरोध मात्र अडीच पटींनी घटला, म्हणजे हाताचा तोच धक्का हलक्या रायफलीला अडीच पट वेगाने फिरवतो. डोंबाऱ्याची पोर दोरीवरून चालताना लांबलचक बांबू आडवा धरते, तो याच वर्गाच्या भरवशावर. कोन किती क्षुल्लक असतो पाहा : नळी एक हजारांश रेडियनने, म्हणजे एका अंशाच्या सतराव्या भागाने वळली, तरी दहा मीटरवर छर्रा 10 मिलिमीटर सरकतो आणि चार वर्तुळे हातची जातात. उलट सबंध रायफल न वळता एक मिलिमीटर बाजूला गेली, तर छर्राही एकच मिलिमीटर हलतो. सूत्रे ज्यांना नकोशी वाटतात, त्यांनी एवढाच भेद ध्यानात ठेवला तरी चालेल.

याचा अर्थ मुलाच्या हाती साडेपाच किलोचे धूड द्यावे, असा मुळीच नाही. वाढत्या वयातील कणा कोवळा असतो, आणि रायफल मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापुढे जाऊ लागली, की उभे राहून धरण्याचा हट्ट सोडावा. आरंभीचे काही महिने रायफलीचा पुढचा भाग टेकूवर ठेवून नेम शिकवणेच शहाणपणाचे आहे. वजन किती, याआधी ते कुठे आहे हे पाहावे. सरांनी काथ्याच्या दोरीने रायफल आढ्याला टांगली, दोरी पुढेमागे सरकवत ती आडवी स्थिर राहील ती जागा शोधली आणि तिथे खडूची रेघ मारली. गुरुत्वमध्याची ती रेघ डाव्या तळहाताच्या फार पुढे येऊ नये, एवढे साधले की बरेचसे काम होते.

येथे एका गोष्टीबद्दल बोलल्यावाचून राहवत नाही. आमच्या ओळखीतील एका पालकाने मुलाचा ‘तोल सुधारावा’ म्हणून त्याच्या मनगटात महागडे चुंबकीय कडे घातले आहे. शिशाला चुंबक ओढत नाही, आणि मुलाच्या तोलाशी त्या कड्याचा संबंध दाखवणारी एकही यंत्रणा मला ठाऊक नाही. कडे वीस-तीस ग्रॅमचे असेल, तर हातावर तेवढा भार मात्र खात्रीने वाढतो. खंडेनवमीला रायफलीची पूजा करण्यास माझी हरकत नाही, फक्त कुंकू मागच्या साइटच्या छिद्रात जाऊ देऊ नये.

उरलेली जुळवणी थोडक्यात सांगता येते. गाल टेकवण्याची पट्टी अशा उंचीवर हवी, की मुलाने डोळे मिटून गाल ठेवला आणि मग डोळे उघडले, तर मान न हलवता मागच्या छिद्रातून पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची साइट, दिसावी. दुसरा डोळा मिटायला लावू नये. त्याच्यापुढे दुधी रंगाची पट्टी धरली, की चेहऱ्याचे स्नायू आखडत नाहीत. तयारीच्या खेळाडूंचा चाप शंभर ग्रॅमच्या आसपास सुटतो, पण नवशिक्यासाठी तो त्याहून जड ठेवावा आणि नेम जुळेपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर असावे. गावाकडे रानडुकरांसाठी काडतुसाची बंदूक चालवलेले काका ‘घट्ट आवळून धर’ असे शिकवतात. त्या बंदुकीच्या जोराच्या धक्क्यापुढे ते ठीक आहे. एअर रायफलीत आवळणे म्हणजे कंपाला निमंत्रण.

साइटचे स्क्रू सर्वांत शेवटी फिरवायचे असतात, आणि पालकांची घाई नेमकी तिथेच असते. दहा मीटर जाताना छर्रा सुमारे पावणेदोन सेंटिमीटर खाली पडतो. साइटवरील जुळवणी ती घट भरून काढण्यासाठीच असते. टेकूवरून नातीने पाच छर्रे मारले, तेव्हा ते सगळे मध्यापासून दूर, खाली डावीकडे गेले आणि तिचा चेहरा पडला. सरांनी खिशातून दहा रुपयांचे नाणे काढून लक्ष्यपत्रावर ठेवले. पाचही भोके त्याखाली झाकली गेली. ‘हे तुझे काम, ते तू केलेस, आता माझे’, असे म्हणून त्यांनी दोन स्क्रू फिरवले, आणि पुढचे पाच छर्रे मधल्या काळ्या भागात जाऊन बसले.

काढलेल्या चकत्या आम्ही नातीचे नाव लिहून एका डब्यात ठेवल्या आहेत. मुलांचे हात भराभर वाढतात, त्यामुळे गणेश चवथीनंतर पुन्हा फीत लावायची आणि त्यातली एक परत बसवायची, असे ठरले आहे.