६२ टक्क्यांवर मेलेला राजा

परभणीचा मे महिना. दुपारी दोनला माझा भाचा कूलरच्या तोंडाशी आडवा पडून ई-रीडरवर फँटसी कादंबरी वाचत होता. चौथा खंड. छापील घेतला तर हजाराच्या वर पानं. छातीवर ठेवून वाचायचा म्हणजे पाटा उरावर घेतल्यासारखं. त्याच्या हातातलं यंत्र दोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि किती वाचून झालं ते टक्क्यांत सांगणारं.

"काय वाचायलास?" म्हटलं, तर गडी सांगतच सुटला. तीन राजघराणी, एक बुडालेलं शहर, शापित तलवार. मी मध्येच विचारलं, "तो म्हातारा राजा मेला ते पूल पडायच्या आधी की नंतर?" तो अडखळला. "मेला ते ६२ टक्क्यांना. पूल... थांबा मामा, सर्च करतो."

आत आई पोथी सोडून बसली होती. श्रीधरांचा पांडवप्रताप, ६४ अध्याय, लाल बासनात. गंमत म्हणून तिला अभिमन्यूचा अध्याय काढायला सांगितला. तिनं गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, एका जागी रुतवला आणि दोन-चार पानं इकडेतिकडे करून म्हणाली, "हे बघ. खालच्या अंगाला तेलाचा डाग हाय, तिथून पुढं." चष्मा अजून कपाळावरच होता.

हे तिचं एकटीचं कसब नाही. अर्न्स्ट रॉथकॉफ या मानसशास्त्रज्ञानं १९७१ साली वाचकांची परीक्षा घेतली, तेव्हा मजकुरासोबत त्याची जागाही त्यांच्या डोक्यात राहिलेली दिसली: पानावर वर होता की खाली, एकूण मजकुराच्या आरंभी होता की शेवटाकडे. जागा लक्षात ठेवा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मेंदू आपणहून टिपण करून ठेवतो. त्याच वर्षी जॉन ओकीफ यांनी उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात 'जागा ओळखणाऱ्या' पेशी दाखवल्या आणि २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा निम्मा होता. माणसात हाच भाग घडलेल्या गोष्टींच्या आठवणीही सांभाळतो. पेशी सापडल्या त्या उंदराच्या डोक्यात, पुस्तकाच्या पानात नव्हे. तेव्हा उडी जपून मारावी. पण 'कुठं घडलं' आणि 'केव्हा घडलं' यांचं बिऱ्हाड एकाच वाड्यात आहे, एवढं नक्की.

ई-रीडरवर ही जागाच हलती असते. अक्षर एक घर मोठं केलं की सगळा मजकूर पुढं वाहतो. काल वर दिसलेलं वाक्य आज खाली, कदाचित पुढच्या पानावर. शिवाय पहिलं पान आणि नऊशेवं पान हाताला सारखंच लागतं. छापील पुस्तकात डावा हात जड होत जातो, उजवा हलका. आपण मोजत नाही, पण हात मोजतो. पोथीत तर हे आणखी उघड: सुटी पानं, वाचलेलं उचलून पलीकडं पालथं घालायचं, एक गठ्ठा चढतो, दुसरा उतरतो.

नॉर्वेतल्या आन मांगेन आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नेमकं हेच तपासलं. ५० तरुण वाचक, २८ पानांची एक रहस्यकथा. काहींना किंडल या ई-रीडरवर, काहींना छापील. कथा कळण्यात दोन्ही गट जवळजवळ बरोबरीचे. फरक पडला तो काळाच्या प्रश्नांवर. आधी काय, नंतर काय, हे कागदवाल्यांना जास्त चांगलं सांगता आलं. २८ पानांत ही गत, तर चार खंडांत माझ्या भाच्याचा पूल कुठल्या कुठं वाहून गेला असेल!

पण म्हणून ई-रीडरला नावं ठेवू नयेत. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून, एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचकांची तुलना झाली. कागद सरस ठरला तो माहितीपर मजकुरात, त्यातही वेळेचं बंधन असताना. निव्वळ कथा वाचताना तसा फरक आढळला नाही. कादंबरीवाल्यांनी घाबरावं असं त्यात फार काही नाही; स्पर्धा परीक्षेच्या नोट्स मोबाइलवर रेटणाऱ्या पोरांनी मात्र जरा विचार करावा.

आणि मराठवाड्यात ई-इंकचे, म्हणजे ई-रीडरच्या कागदासारख्या पडद्याचे, म्हणून काही गुण आहेतच. भर दुपारी झाडाखाली मोबाइल उघडा, स्वतःचंच तोंड दिसतं. त्याच्या पडद्याच्या उजेडाला सूर्याशी झुंजावं लागतं. ई-इंक सूर्याचाच उजेड वापरते. पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या पारदर्शक कुप्या असतात, त्यात स्वच्छ द्रव आणि पांढरे-काळे कण. पांढरे कण म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. दोन्हींवर विरुद्ध विद्युतभार. खालून विजेचा दाब बदलला की पांढरे वर येतात नाहीतर काळे. आणि वर आलेले तिथंच बसतात, त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना. एका चार्जिंगवर यंत्र कित्येक दिवस चालतं ते यामुळं. भारनियमनाच्या गावात ही लहान गोष्ट नव्हे. कधीकधी आधीच्या पानाची पुसट सावली राहते. पाटी ओल्या फडक्याऐवजी नुसत्या तळव्यानं पुसल्यावर राहते तशी. मग यंत्र एकदा सगळा पडदा काळा-पांढरा लखलखवून कण जागेवर आणतं.

'ई-रीडरनं झोप उडते' हेही जरा निवडून घ्यावं. २०१५ चा तो गाजलेला प्रयोग १२ जणांवर झाला आणि त्यांच्या हातात होता आयपॅड. डोळ्यांत थेट उजेड सोडणारा पडदा. झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन त्यांच्यात जवळपास दीड तास उशिरा वाढू लागलं. साध्या, दिव्याविना असलेल्या ई-इंकला हा निकाल चिकटवणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

फँटसीपुरतं बोलायचं तर माझा कौल असा: नावं विसरणाऱ्यानं यंत्र घ्यावं. दोनशे पात्रांत हा सेनापती कोण, हे शब्दावर बोट ठेवून विचारता येतं. नकाशा बघत वाचणाऱ्यानं कागद घ्यावा. नकाशाच्या पानात एक बोट अडकवून पुढं वाचत राहणं यंत्रावर नीट जमत नाही, शिवाय सहा इंचांवर डोंगर आणि नद्या एकमेकांत मिसळतात.

संध्याकाळी लाइट गेली. आईनं पोथी दाराच्या उजेडात ओढली. भाचा तिथंच उंबऱ्यावर येऊन बसला.

"पूल आधी पडला मामा. ५८ टक्क्यांना."

"किती राहिलंय रे तुझं?" आईनं विचारलं.

"१९ टक्के."

तिनं राहिलेल्या पानांच्या कडेला दोन बोटं आडवी लावून बघितली. "म्हंजे किती बोटं?"