भीती वाटते म्हणजे नाटक नव्हे

आपल्याकडे एक वाक्य फार सहज फेकलं जातं: "खरंच मरायचं असतं, तर असं बोलून दाखवलं नसतं." ते ऐकलं की मला कळवळून येतं. आत्महत्येचे विचार छळत असतात, तेव्हा मनात बहुतेक वेळा दोन ओढी एकदमच चालू असतात. "जीव नकोसा झालाय" म्हणणारा माणूसच पुढच्या दमात "जीव फार घाबरतोय हो" म्हणतो. दोन्ही खरं असतं.

एडविन श्नाइडमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली सहकाऱ्यांसोबत लॉस एंजेलिसला आत्महत्या प्रतिबंध केंद्र सुरू केलं. त्यांचं ठाम मत होतं की या माणसांना मरणापेक्षा मनातली असह्य वेदना थांबायला हवी असते. दुसरा रस्ता त्या घडीला दिसत नाही, इतकंच. समजा, रात्री एक बाई बहिणीला फोनवर "मला आता जगायचंच नाही" असं रडत सांगतेय, आणि मधेच "थांब गं, दूध उतू जातंय" म्हणून ओट्याकडे धावते. यात ढोंग कुठेच नाही. सकाळी चहाला दूध लागणार आहे, हे तिच्या मनाचा एक कोपरा अजून धरून आहे.

तापलेल्या तव्याला बोट लागलं, की चटका बसल्याचं कळायच्या आधीच हात मागे येतो. मज्जारज्जू ते काम परस्पर उरकतो. मोठा धोका समोर आला, की मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीतीची घंटा वाजवणारा भाग, सावध होतो, शरीरात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो. मन कितीही खचलेलं असो, ही यंत्रणा त्याची परवानगी विचारत बसत नाही. मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली जगण्याची कारणं मोजणारी एक प्रश्नावली मांडली. कुटुंबाची जबाबदारी, मुलांची काळजी यांच्या पंगतीत त्यांनी आत्महत्येची भीतीही बसवली. तिला भेकडपणा म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मात्र या भीतीच्या भरवशावर कुणाला एकटं सोडू नये. मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांच्या सिद्धान्तानुसार, वेदना आणि इजा पुन्हा पुन्हा सोसल्या की ही भीती बोथट होत जाते.

तीव्र ओढ लाटेसारखी येते आणि बऱ्याचदा ओसरते. रिचर्ड सायडन या संशोधकांनी १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या एका पुलावरून १९३७ ते १९७१ या काळात, आत्महत्या करू पाहताना वेळीच परत आणलेल्या ५१५ जणांचं पुढे काय झालं, हे त्यांनी शोधलं. सुमारे ९४ टक्के लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते. कुणीतरी अडवल्यामुळे त्यांना ती लाट ओलांडता आली. "आज थांबवाल, उद्या करेलच" हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

म्हणून विचारावं. सरळ, हळू आवाजात: "आत्महत्येचे विचार येतायत का तुला?" विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा प्रश्नांनी त्रास वाढल्याचं आढळलं नाही. उत्तर "हो" आलं, तर लगेच समजवायला लागू नका. आधी ऐका. "भीती कशाची वाटते?" असंही विचारा, म्हणजे जगू पाहणाऱ्या बाजूलाही बोलायला जागा मिळेल. सोबत थांबा, घरातल्या धोक्याच्या वस्तू दूर ठेवा आणि डॉक्टरांकडे तुम्हीच घेऊन जा.

आणि हे वाचताना तुमचाच जीव घालमेलत असेल, तर मन जरा शांत असतानाच एक कागद करून ठेवा. लाट येतेय हे कशावरून कळतं, तेव्हा कुठे जाऊन बसायचं, कुणाला हाक मारायची, हे तुमच्या अक्षरात लिहा. सर्वांत वर १४४१६. हा टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.