१९५७ची शेवरले बेल एअर: क्रोमचा वाद कुठून आला

१९५७ची शेवरले बेल एअर देखणी आहे, यावर हौशी मंडळींचं सहसा दुमत नसतं. खडाजंगी होते ती तिच्या अंगावरच्या सामानावरून. डिकीच्या मागे उभी बसवलेली स्टेपनी शोभते का? मागची चाकं झाकणारी पत्र्याची झाकणं मूळची की नंतर चढवलेली? काचेवरच्या बाहेरच्या झापडीमुळे गाडीचं रूप खुलतं की चेहराच झाकला जातो? हे नुसते आवडीनिवडीचे प्रश्न वाटतात, पण त्यांची मुळं त्या काळी अमेरिकेत गाड्या कशा घडवल्या आणि विकल्या जायच्या, यात आहेत. ती पद्धत ठाऊक नसेल तर जुन्या गाड्यांच्या परीक्षणात अशा सेडानला गुण देऊच नयेत, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात १९२७पासून करावी लागते. शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी कंपनीत गाड्यांच्या रूपासाठी वेगळा विभाग काढला आणि तो हार्ली अर्ल यांच्या हाती दिला. अर्ल मूळचे हॉलिवूडचे, श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी खास बॉडी बांधणाऱ्या घरातले. दरवर्षी गाडीचं रूप थोडं बदलायचं, म्हणजे कालची गाडी आज जुनी दिसते आणि गिऱ्हाईक पुन्हा शोरूमची पायरी चढतं, हे स्लोन यांचं धोरण. अर्ल यांनी ते पत्र्यात आणि क्रोममध्ये उतरवलं. याच कंपनीच्या महागड्या कॅडिलॅकला १९४८ साली शेपटीकडे जे छोटे पंख फुटले, ते लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचलेले होते. पुढची दहा-बारा वर्षं अमेरिकेत ते पंख वाढतच गेले.

शेवरले मात्र बेताच्या कमाईतल्या, हिशेबी माणसाची गाडी. तिचं नशीब १९५५ साली पालटलं. मुख्य अभियंता एड कोल यांच्या हाताखाली २६५ घन इंचांचं नवं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन तयार झालं आणि क्लेअर मॅकिकन यांच्या स्टुडिओने त्याला साजेशी नेटकी बॉडी दिली. पुढची जाळी तर फेरारीच्या वळणाची होती. १९५७साठी पूर्ण नवी बॉडी यायची होती. ती एक वर्ष लांबली. मग त्याच जुन्या सांगाड्यावर नवा साज चढवायचं ठरलं, आणि माझ्या मते याच अडचणीतून ही गाडी अजरामर झाली.

काय काय केलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. चाकं १५ इंचांवरून १४ इंचांवर आणली, त्यामुळे गाडी जमिनीलगत बसल्यासारखी दिसू लागली. आत हवा घेण्याची वाट काचेच्या पायथ्याकडून काढून हेडलाइटच्या घरात नेली. हेडलाइटभोवतीचा तो रुंद, भरदार घेर यातूनच आला. बेल एअरच्या मागच्या बाजूला रेघारेघांचा ॲल्युमिनियमचा पट्टा, पुढच्या जाळीला सोनेरी झाक, पुढच्या मडगार्डवर तीन सोनेरी खुणा. आणि पेट्रोलचं झाकण? ते शोधूनही सापडत नाही. डाव्या पंखाच्या मागच्या कडेची क्रोमची पट्टी बिजागरीवर उघडते आणि आत झाकण दिसतं. नव्या माणसाला ते दाखवताना जुन्या मालकांचा चेहरा खुलतो, आणि खुलावाच!

त्या वर्षी मात्र कौतुक दुसऱ्यांच्या वाट्याला गेलं. व्हर्जिल एक्सनर यांनी घडवलेल्या क्रायस्लर समूहाच्या लांब, खालच्या, उंच पंखांच्या गाड्यांपुढे शेवरले उभट आणि जुनी वाटली. फोर्डनेही बाजी मारली: त्या मॉडेल-वर्षात फोर्डच्या १६ लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या, तर शेवरलेच्या सुमारे १५ लाख.

आता सामानाकडे वळू. शेवरले तीन दर्जांत मिळायची: वन-फिफ्टी, टू-टेन आणि बेल एअर. सांगाडा एकच, फरक सजावटीचा. इंजिन, गिअरबॉक्स यांसारख्या गोष्टी कारखान्यातच ठरायच्या. पण डीलरच्या काउंटरवर जोडसामानाची वेगळी यादी असायची आणि त्याचा नफा डीलरच्या गल्ल्यात जायचा. होकायंत्र, स्पॉटलाइट, डॅशबोर्डखालचा टिश्यूचा डबा, इतकंच काय, गाडीत दाढी करायचं विजेचं यंत्रसुद्धा त्या यादीत होतं. एक वस्तू घेतली की दुसरी घ्यावी लागायची. काचेवर बाहेरची झापड बसवली की ऊन अडायचं, पण चौकातला वर टांगलेला सिग्नलही दिसेनासा व्हायचा. मग डॅशबोर्डवर रेघारेघांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा बसवायचा. त्यात वरचा दिवा प्रतिबिंबित होऊन दिसायचा. आज परीक्षक झापड पाहिली की तो तुकडा आहे का ते पाहतात, आणि त्यात तथ्य आहे.

सगळ्यात जास्त भांडण स्टेपनीवरून. फोर्ड कंपनीचे अध्यक्ष एडसेल फोर्ड यांच्या हौशीतून १९३९ साली घडलेल्या लिंकन कॉन्टिनेंटलच्या मागे झाकलेली स्टेपनी उभी असे. पुढे कुठल्याही गाडीला तशी जोड मिळाली की तिला ‘कॉन्टिनेंटल किट’ म्हणू लागले. १९५७च्या शेवरलेला ती लावायची तर मागचा बंपर पुढे काढावा लागतो, शेपूट लांबते, डिकीत सामान टाकताना चाकावरून वाकावं लागतं आणि चढ लागला की मागचा भाग घासतो. मला ती जोड आवडत नाही. पंखांची जी रेघ टेललाइटपाशी नेमकी संपते, ती या चाकामुळे अडखळते. पण ‘मला आवडत नाही’ आणि ‘ते चुकीचं आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परीक्षणाचे नियम नेमके इथेच कामाला येतात.

१९३५ साली स्थापन झालेल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकेच्या परीक्षणात गाडी ४०० गुणांमधून तपासली जाते. मोजपट्टी अशी: डीलर त्या काळी ज्या अवस्थेत गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊ शकला असता, ती अवस्था. त्या वर्षीच्या कंपनीच्या कॅटलॉगात, सुट्या भागांच्या पुस्तकात किंवा विक्रीच्या कागदपत्रांत जे सामान दाखवलेलं आहे, ते चालतं. म्हणजे ती विशिष्ट गाडी कारखान्यातून कशी बाहेर पडली, हा प्रश्नच नाही. ती कशी बाहेर पडू शकली असती, हा आहे. डीलरच्या काउंटरवरची सगळी यादी या एका शब्दरचनेतून आत येते. त्यामुळे कॅटलॉगातलं झाडून सगळं सामान लादलेली गाडीही नियमात बसते, मग १९५७ साली तशी गाडी कुणी विकत घेतली असेल-नसेल.

नियमात न बसणारी गोष्ट वेगळी आहे. टू-टेनवर ॲल्युमिनियमचे पट्टे आणि सोनेरी जाळी चढवून तिला बेल एअर म्हणून उभं करण्याचे प्रकार होतात. नव्याने बनवलेले भाग आता सहज मिळतात, म्हणून ते सोपंही झालंय. पण चालकाच्या दाराच्या खांबावरची नंबरपट्टी खोटं बोलत नाही: ‘ए’ म्हणजे वन-फिफ्टी, ‘बी’ टू-टेन, ‘सी’ बेल एअर, आणि आधी ‘व्ही’ असेल तर व्ही-८. पट्टी न वाचता क्रोमवर भाळणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो.

मुंबईशी या गाडीचं नातं हुकलं ते थोडक्यात. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८पासून होता आणि तिथून शेवरले बाहेर पडायच्या. पण सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना सरकारने १९५३नंतर दारं बंद केली आणि १९५४ साली तिथलं काम थांबलं. त्यामुळे १९५५ ते १९५७ची मॉडेलं शिवडीत कधी जुळलीच नाहीत.

अमेरिकेत साठच्या दशकात या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या. तरुण पोरांनी हलकी बॉडी आणि ते व्ही-८ इंजिन पाहून त्या शर्यतींना जुंपल्या. दोन दारांच्या हार्डटॉपला, म्हणजे खिडक्यांमध्ये खांब नसलेल्या गाडीला, भाव आला, चार दारांच्या सेडान मात्र सुट्या भागांसाठी कापल्या गेल्या. ज्या वाचल्या, त्यांतल्या बऱ्याच नंतर कुणी नटवल्याच नाहीत. अँटिक ऑटोमोबाइल क्लबमध्ये आता मूळ अवस्थेत टिकलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे, आणि तिथे या साध्या सेडानना मान मिळतो. डीलरने झापडीचा कंस नेमका कुठे ठोकला, स्क्रू कुठल्या जातीचा वापरला, गालिच्याची कड कशी दुमडली, हे तपासायचं झालं की जीर्णोद्धार करणारे याच चार दारांच्या सेडानखाली टॉर्च घेऊन शिरतात.