विमान रद्द झालं, कंपनी भरपाई देत नाही: दावा आपल्याच जिल्ह्यातून कसा लावायचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या आर्णीच्या दुकानातून विमानाचं तिकीट काढलं की मोबाईल नंबर बहुतेकदा दुकानदाराचाच पडतो, अन् भांडणाचं मूळ तिथंच असतं. आमच्या भाच्याचं नागपूर–पुणे विमान दुपारी बाराचं. रद्द झाल्याचा मेसेज आदल्या रात्री 9.40 ला दुकानदाराच्या फोनवर आला, दुकानदार झोपलेला. भाचा पहाटेच गाडी करून नागपूरला पोचला. कंपनीचं उत्तर: "आम्ही कळवलं होतं."

कळवलं, पण कधी? डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं. त्याच्या नियमानुसार सुटण्याच्या 24 तास आधीपर्यंत कळवलं, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, एवढंच. त्याहून उशिरा कळवलं, तर वर भरपाईही: उड्डाण एक तासापर्यंतचं असल्यास 5,000, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000 रुपये. मूळ भाडं अधिक इंधन शुल्क याहून कमी भरत असेल, तर तेवढंच मिळतं. नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. हवामान, पूर, संप अशा हाताबाहेरच्या कारणांनाही नाही. म्हणून "ऑपरेशनल कारण" असं गुळमुळीत उत्तर आलं की नेमकं कारण मेलवर मागा. बुकिंगच्या वेळी संपर्क नीट दिलेला नसेल तर कंपनी भरपाई नाकारू शकते. तेव्हा दुकानात उभं राहून स्वतःचाच नंबर टाकून घ्या. काउंटरवर व्हाउचर पुढे करतील. पैसे हवे असतील तर घेऊ नका.

आधी कंपनीच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याला मेल, मग तिच्याच अपील अधिकाऱ्याला. त्यांची नावं कंपनीच्या वेबसाइटवर असतात. सोबत एअरसेवा या विमान प्रवाशांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवता येते.

तरीही नाही म्हणाले, तर जिल्हा ग्राहक आयोग, ज्याला आपल्याकडे अजून 'ग्राहक मंच' म्हणतात. कंपनीचं ऑफिस कुठंही असो, 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळातच तक्रार लावता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तिकिटाला मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्याही दाखल होते.

कागद: तिकीट, पैसे भरल्याचा पुरावा, वेळ दिसेल असा मेसेजचा स्क्रीनशॉट, सगळे मेल, गाडीभाड्याची पावती, आधार आणि शपथपत्र. पावती गाडीवाल्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या, आठवड्यानं तो ओळखत नाही. निकाल पटला नाही तर राज्य आयोगाकडे अपिलाला 45 दिवस आहेत.