ब्लॅक अँड व्हाइट हवा असेल तर शूटच्या आधी सांगा

"हेच फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून मिळतील ना?" हा प्रश्न बहुतेक वेळा शूट आटोपल्यावर येतो. मिळतात, पण आधी कळलं तर फोटोच वेगळा काढता येतो.

कपड्यांचंच घ्या. गडद लाल शर्ट हिरव्या झाडीपुढे रंगीत फोटोत झळकतो. रंग गेले की शर्ट आणि पानं जवळपास एकाच करड्या छटेची होतात आणि माणूस झाडीत हरवतो. तेव्हा रंग जुळवण्यापेक्षा फिकं-गडद बघा. घरी फोनवर कपड्यांचा फोटो काढून मोनो फिल्टर लावलात की लगेच कळेल. बारीक चौकडी शक्यतो नको.

ढग आले की शूट पुढे ढकलायचं का, असं विचारणारे फोन येतात. पाऊस नसेल तर बिनधास्त या. ढगांतून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पसरतो. पांढरं, रिकामं आकाश आम्ही फ्रेमबाहेर ठेवतो. भर दुपारी मात्र डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, अशा वेळी आम्ही तुम्हाला सावलीच्या कडेला उभं करतो. आणि संध्याकाळच्या सोनेरी उन्हाचं सोनं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये उरत नाही, उरतो तो फक्त बाजूने येणारा तिरपा उजेड. तोही कमी नाही म्हणा!

एडिटिंग म्हणजे नुसतं रंग काढून टाकणं नव्हे. रूढ सूत्रात करडी छटा ठरवताना हिरव्याला सुमारे 59, लालला 30 आणि निळ्याला 11 टक्के वजन असतं. हे वजन आम्ही प्रत्येक फोटोसाठी बदलतो. त्वचा कोणत्याही वर्णाची असो, तिच्यात लाल-नारिंगी छटा जास्त असतात. लालचं वजन वाढवलं की डाग, पुरळ पुसट होतात. निळ्याचं वाढवलं की तीळ, सुरकुत्या ठसठशीत उमटतात. जुन्या काळी फोटो काचेच्या प्लेटवर निघत, त्यातल्या कित्येक प्लेटना लाल रंग दिसतच नसे, म्हणून त्या फोटोंतले ओठ इतके काळे. आजी-आजोबांच्या सुरकुत्या आम्हाला ठेवायला आवडतात, पण आधी विचारून. गोरं करून द्या म्हणाल, तर ते काम आम्ही घेत नाही.

फोटो आम्ही रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढतो. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 16,384 पायऱ्या मावतात, जेपेगमध्ये 256. आमच्याकडून मिळालेल्या जेपेगवर पुन्हा ॲपमधून जोरकस फिल्टर लावलात तर आकाशात पट्टे दिसू शकतात. बदल हवा असेल तर आम्हालाच सांगा, मूळ फाइलवर करून देऊ. रंगीत प्रतही सोबत मिळतेच.

प्रिंट हातात आली की दिवसाच्या उजेडात बघा. रंगीत शाईने छापलेल्या ब्लॅक अँड व्हाइटवर कधी हिरवी, कधी जांभळी झाक येते. तशी दिसली तर परत आणा, पुन्हा छापून देऊ.