संरक्षित डोंगरावरील पाण्याचा हिशेब

डिसेंबर 2022 मध्ये मॉन्ट्रियल येथील जैवविविधता परिषदेत, 2030 पर्यंत जगातील 30 टक्के जमीन आणि 30 टक्के समुद्र संरक्षणाखाली आणण्याचे उद्दिष्ट मान्य झाले. मात्र क्षेत्रफळाच्या या चर्चेत, एखाद्या प्रदेशाभोवती सीमा आखून माणसाचा वावर थांबवला की निसर्ग आपोआप सावरतो, हा जुना समज तसाच राहून गेला आहे. भरतपूरच्या केवलादेव पाणथळीत 1982 मध्ये गुरांची चराई बंद करण्यात आली. म्हशींच्या चरण्यामुळे आटोक्यात राहणारे पॅस्पॅलम जातीचे गवत त्यानंतर उथळ पाण्यात इतके माजले, की पाणपक्ष्यांना लागणारे मोकळे पाणीच आक्रसले. ती पाणथळ मुळात माणसाने बांध घालून घडवलेली होती आणि चराई हा तिच्या रचनेचाच भाग होता.

संरक्षित प्रदेश आपल्याला पाणी, चारा, कार्बनचा साठा, परागीभवन, पूरनियंत्रण अशा अनेक परिसंस्था सेवा देतो. भूवापर बदलला की या सर्व सेवा एकत्र वाढत किंवा घटत नाहीत. एक वाढताना दुसरी कमी होते. झाडे आणि पाणी यांच्या संबंधात हे सर्वांत स्पष्ट दिसते.

पावसाचा काही भाग पर्णछत्रावरच अडतो आणि जमिनीवर न पोहोचता वाफ होऊन जातो. उरलेल्यापैकी जे पाणी मातीत मुरते, त्यातील बरेचसे मुळे शोषतात आणि ते पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, हवेत सोडले जाते; यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात. सदाहरित उंच झाडांची पाने वर्षभर टिकतात, त्यांची मुळे खोल जात असल्यामुळे कोरड्या महिन्यांतही त्यांना ओल मिळते, आणि त्यांच्या खडबडीत छत्रामुळे वाऱ्यात भोवरे निर्माण होऊन बाष्प वेगाने वर वाहून नेले जाते. गवताळ किंवा झुडपी आच्छादनात या तिन्ही क्रिया मंद असतात. बॉश आणि ह्यूलेट या संशोधकांनी 1982 मध्ये 94 पाणलोट क्षेत्रांतील प्रयोगांचा आढावा घेतला. त्यानुसार पाइन किंवा निलगिरीचे आच्छादन 10 टक्क्यांनी वाढले, की वार्षिक जलप्रवाह सरासरी सुमारे 40 मिलिमीटरने घटतो. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा लाख लिटर. म्हणजे तेवढ्याच लहान पाणलोटातून वर्षाला चार कोटी लिटर पाणी कमी वाहते.

हा नियम सर्वत्र सारखा लागू होत नाही. ढगांनी वेढलेल्या डोंगरांवर झाडे धुक्यातील पाणी पकडून प्रवाहात भर घालतात, तर तुडवून घट्ट झालेल्या उजाड जमिनीवर मुळांमुळे वाढणारी मुरवणक्षमता बाष्पोत्सर्जनाचा तोटा भरून काढू शकते. म्हणूनच कोट्यवधी रोपे लावल्याच्या घोषणांतून काहीच सिद्ध होत नाही. कोणत्या जमिनीवर, कोणत्या जातीची, कशाच्या जागी, हे सांगितल्याशिवाय तो आकडा निरर्थक आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील डोंगरांवर फाइनबॉस नावाचे झुडूपरान आहे आणि त्यातील बहुसंख्य वनस्पती जगात अन्यत्र आढळत नाहीत. लाकडासाठी बाहेरून आणलेले पाइन लागवडीच्या सीमा ओलांडून या रानात शिरले. त्यांनी स्थानिक वनस्पतींची जागा घेतली आणि शहरांना पाणी पुरवणाऱ्या ओढ्यांचा प्रवाहही घटवला. 1995 मध्ये तेथील सरकारने ‘वर्किंग फॉर वॉटर’ हा कार्यक्रम सुरू केला. त्यात परकी झाडे काढण्याच्या कामातून बेरोजगारांना मजुरी मिळते आणि ओढ्यांना पाणी. संरक्षण, रोजगार आणि पाणीपुरवठा यांचा असा एकत्रित विचार मला कोणत्याही कुंपणापेक्षा मोलाचा वाटतो.

मात्र एकदा झाडे तोडून काम संपत नाही. फाइनबॉसला नूतनीकरणासाठी काही वर्षांच्या अंतराने वणव्याची गरज असते, आणि पाइनची बंद फळेही आगीच्या उष्णतेने किंवा झाड मेल्यावर उघडून पंख असलेले बी वाऱ्यावर सोडतात. त्यामुळे प्रथम मोठी झाडे पाडून ठेवतात, सुमारे एक-दीड वर्ष बी रुजू देतात, आणि कोवळी रोपे स्वतःचे बी धरण्याआधीच नियंत्रित आग लावून ती नष्ट करतात. त्यानंतरही दर काही वर्षांनी उतार पुन्हा पालथे घालावे लागतात, कारण सीमेबाहेरच्या लागवडींतून वाऱ्यासोबत नवे बी येतच राहते.